काजळी पेटली आणि गाडी थांबली: एका डिझेल फिल्टरचं प्रकरण

तक्रार गाडीची नव्हती, भिंतीची होती. गिरगावातल्या एका वाडीत नुकतीच रंगवलेली भिंत, तिला पाठ करून रोज उभी राहणारी सात आसनी डिझेल गाडी, आणि सायलेन्सरच्या तोंडासमोर भिंतीवर ताटाएवढा काळा डाग. शेजारच्या आजोबांनी मालकीणबाईंना हटकलं, "अहो, गाडी धूर ओकतेय तुमची." मालकीणबाईंचा केटरिंगचा व्यवसाय. वाडीत सगळे त्यांना काकू म्हणतात, मीही तेच म्हणतो. काकूंना हे काही पटेना. गाडी बीएस ६, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या कडक नियमांची, पीयूसी ताजं, आणि थोड्याच दिवसांपूर्वी 'डीपीएफचं काम', म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचं काम, करून घेतलेलं. त्या कामानंतर तर गाडी आधीपेक्षा जास्त मोकळी पळत होती.

ती मोकळी का पळतेय, याचा शोध घेतल्यावर सगळं प्रकरण उलगडलं.

बीएस ६ डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या तोंडात आतून बोट फिरवलं तर ते जवळपास स्वच्छ निघायला हवं. जुन्या डिझेल गाड्या पाहिलेल्या माणसाला हे खरं वाटत नाही, पण नियमच तसा कडक आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस ६ लागू झालं, तेव्हा डिझेल कारसाठी कणांची मर्यादा किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅमवरून ४.५ मिलिग्रॅमवर आली. वजनाबरोबर कणांच्या संख्येलाही मर्यादा आली, किलोमीटरमागे ६०,००० कोटी. आकडा अवाढव्य वाटतो, पण इंजिनातून निघणारे कण त्याच्या कितीतरी पट असतात. एवढी गाळणी फक्त इंजिन सुधारून होत नाही. त्यासाठी एक्झॉस्टमध्ये सिरॅमिकचा फिल्टर बसवावा लागतो, तोच डीपीएफ. त्यात मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या बारीक चौकोनी नळ्या असतात. एक नळी पुढून उघडी आणि मागून बंद, शेजारची पुढून बंद आणि मागून उघडी. त्यामुळे वायूला भिंतीतूनच पलीकडे जावं लागतं आणि काजळी अलीकडे अडकते.

काकूंच्या गाडीत बोट फिरवलं तर काळंकुट्ट निघालं. काजळी कोरडी आणि मऊ होती, तेलकटपणा अजिबात नाही. चिमटीत चोळली की कातडीच्या रेषांत जाऊन बसायची. अशी काजळी सायलेन्सरच्या तोंडापर्यंत पोचली, म्हणजे वाटेतला फिल्टर कुठेतरी फुटलेला असणार. मग पीयूसी कसं झालं? पीयूसीचं यंत्र धुरातून प्रकाश किती अडतो एवढंच मोजतं. कॉमन रेल, म्हणजे खूप दाबाने डिझेल फवारणाऱ्या, इंजिनाची काजळी इतकी बारीक असते की फिल्टर फुटूनही गाडी त्या चाचणीत आरामात पास होऊ शकते. डिझेल गाडीचा फिल्टर शाबूत आहे की नाही हे ठरवताना मी पीयूसीचा कागद बघतच नाही.

आधी काय घडलं होतं

गाडी सेकंडहँड. आधीचा मालक नाशिकचा, त्याच्या फेऱ्या हायवेच्या, आणि त्याच्याकडे डॅशबोर्डवरची डीपीएफची लाइट कधी लागली नव्हती. काकूंकडे आल्यावर गाडीचं आयुष्यच बदललं. पहाटे दादरला भाजी, तिथून भुलेश्वर, क्रॉफर्ड मार्केट, दुपारी पातेली भरून परळ किंवा माटुंग्याचा हॉल. हॉलखाली पार्किंग मिळत नाही, ट्रॅफिक हवालदार उठवतो, म्हणून ड्रायव्हर इंजिन चालू ठेवून, एसी लावून आत बसलेला. किलोमीटर थोडे आणि इंजिन मात्र तासन्‌तास चालू.

काही महिन्यांत लाइट लागली. ड्रायव्हरने दुर्लक्ष केलं, कारण गाडी पळत होती. मग पिकअप गेला, अ‍ॅव्हरेज पडलं, आणि ऑइलची कांडी काढली तर पातळी वरच्या खुणेच्याही वर. ऑइल वाढलं याचा ड्रायव्हरला आनंदच झाला होता! इंजिन ऑइल आपोआप वाढत नसतं. गाडी पुन्हा पुन्हा फिल्टरमधली काजळी जाळायला घेते, त्यासाठी सिलिंडरमध्ये उशिरा जादा डिझेल फवारते, ते काम अर्धवट राहतं, आणि त्या डिझेलचा काही भाग सिलिंडरच्या भिंतींवरून खाली ऑइलमध्ये उतरतो. कांडीवर वाढलेली पातळी म्हणजे अर्धवट राहिलेल्या प्रयत्नांची नोंद.

एका मेकॅनिकने स्कॅनर लावला. स्क्रीनवर काजळी ४४ ग्रॅम दिसली. त्या स्क्रीनचा फोटो त्याने ड्रायव्हरला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता आणि तो अजून फोनमध्ये होता, हे आमचं नशीब. पुढे त्याने जे केलं ते बऱ्याच ठिकाणी चालतं. स्कॅनरमध्ये 'नवीन फिल्टर बसवला' असा पर्याय असतो. तो दाबला, काजळीचा हिशेब शून्यावर आला आणि लाइट गेली. मग सल्ला दिला, "फ्रीवेवर एक फेरी मारा, ताणून चालवा, सगळं साफ होईल."

सल्ला तसा सर्रास दिला जातो, आणि फिल्टर थोडा भरलेला असेल तर बरोबरही असतो. इथे घोटाळा झाला तो ४४ या आकड्यामुळे.

काजळी पेटते म्हणजे काय

इंजिनात डिझेलचा फवारा उडतो तेव्हा त्याच्या गाभ्याला हवा पुरत नाही. तिथे डिझेलचे रेणू तुटतात, तुकडे पुन्हा जुळून कार्बनच्या कड्या होतात, कड्यांचे पापुद्रे, आणि पापुद्र्यांचे वीस-तीस नॅनोमीटरचे गोळे. हे गोळे एकमेकांना चिकटून माळा बनतात. यातली बरीचशी काजळी सिलिंडरमध्येच हवेत मिसळून जळते. जी उरते ती बाहेर पडून फिल्टरवर बसते.

ती पुन्हा पेटवायची तर कोणत्या तापमानाला? गॅरेजमध्ये उत्तर मिळतं, "सहाशे." आकडा बरोबर आहे, पण काजळीला पाण्याच्या उकळबिंदूसारखा एकच ठरलेला बिंदू नसतो. तीनशे अंशांनाही ऑक्सिजन काजळी खातोच, फक्त वेग अगदीच नगण्य असतो. कोरडी काजळी ऑक्सिजनने जाळण्यासाठी ओलांडावा लागणारा ऊर्जेचा अडसर मोलमागे १५० किलोज्यूलच्या आसपास धरला, तर हिशेब असा येतो: सहाशे अंशांच्या परिसरात दर तीसेक अंशांना वेग दुप्पट होतो, आणि तीनशेला तो सहाशेपेक्षा चाळीस-पन्नास हजार पटींनी कमी असतो. जे काम सहाशेला पाव तासात होतं, तेच तीनशेला करायचं तर वर्ष-दीड वर्ष इंजिन चालू ठेवून बसावं लागेल. दादर ते भुलेश्वर रांगताना एक्झॉस्टचं तापमान बहुतेक वेळ दीडशे-दोनशेच्या घरात असतं. म्हणजे तिथे काजळी फक्त साचते.

दुसरी एक वाट असते, आणि नाशिकच्या मालकाची गाडी तिच्यावरच चालली होती. फिल्टरच्या आधी प्लॅटिनम असलेला उत्प्रेरक असतो. तो इंजिनातल्या नायट्रिक ऑक्साइडचा नायट्रोजन डायऑक्साइड करतो, आणि हा वायू काजळीला अडीचशे ते चारशे अंशांतच खायला लागतो. कसारा घाट चढणाऱ्या गाडीत हे आपसूक घडतं, चालवणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

ही दुसरी वाट बंद असली की गाडी पहिलीकडे वळते. उशिराने डिझेल फवारायचं, ते उत्प्रेरकावर जळू द्यायचं, आणि वायू सहाशेपर्यंत नेऊन फिल्टरमध्ये सोडायचा. काजळी पेटते, आणि पेटली की स्वतःची उष्णता देऊ लागते. पुढचं सगळं एका तोलावर अवलंबून आहे: जळण्यातून येणारी उष्णता आणि वाहत्या वायूने वाहून नेलेली उष्णता. काकूंना हे समजावताना शेगडी उपयोगी पडली. एकटा निखारा चिमट्याने बाजूला काढला की काळवंडतो, ढिगात तोच लालबुंद राहतो. निखारा तोच असतो, आजूबाजूला उष्णता किती साठते एवढाच फरक.

पी डिमेलो रोडवर

ड्रायव्हर रविवारी सकाळी ऑरेंज गेटकडून पूर्व मुक्त मार्गावर, म्हणजे फ्रीवेवर चढला, चेंबूरच्या टोकापर्यंत गेला आणि वळून परत आला. सतरा किलोमीटरचा हा रस्ता, मध्ये सिग्नल नाही. येताना गाडीने फिल्टर जाळायला घेतला असणार, कारण त्याच्या म्हणण्याप्रमाणे डॅशबोर्डवरचा अ‍ॅव्हरेजचा आकडा चांगली चाल असतानाही पडला होता. इथपर्यंत सगळं ठीक. मग रस्ता खाली पी डिमेलो रोडला उतरतो तिथे गाड्यांची रांग लागली आणि गाडी जागेवर उभी राहिली, इंजिन आयडलवर, म्हणजे नुसतंच चालू.

"फॅन असा जोरात सुटला की बाजूचा टॅक्सीवाला बघायला लागला," ड्रायव्हरने सांगितलं. "खालून जळका वास आला. मग थोड्या वेळाने गाडी एकदम हलकी झाली. सगळा कचरा जळून गेला बघा, दादा."

त्याच्या निरीक्षणात काही खोट नव्हती. स्कॅनरमध्ये जुन्या नोंदींत एक कोड पडलेला होता, एक्झॉस्टचं तापमान प्रमाणाबाहेर गेल्याचा. प्रत्येक कोडबरोबर गाडी त्या क्षणाची स्थिती साठवते. इथे गाडीचा वेग शून्य आणि इंजिन आठशेच्या आसपास आरपीएमला होतं. पुढच्या तपासाला दिशा या दोन आकड्यांनीच दिली.

गाडी पळत असताना फिल्टरमधून सेकंदाला अंदाजे पन्नास ग्रॅम वायू जातो. तो उष्णता आणतो तशी नेतोही, आणि जादा डिझेल जाळण्यात त्यातला ऑक्सिजन बराच खर्ची पडलेला असतो. पायाखालचा अ‍ॅक्सिलरेटर सुटला की दोन गोष्टी एकदम उलटतात. वायू सेकंदाला दहा ग्रॅमवर येतो, म्हणजे उष्णता नेणारा वारा पाचपट मंदावतो. आणि आयडलवर डिझेल इंजिन इंधन इतकं कमी घेतं की एक्झॉस्टमध्ये पंधरा-सतरा टक्के ऑक्सिजन शिल्लक असतो, जवळजवळ मोकळ्या हवेइतका. जळायला भरपूर, थंड व्हायला काही नाही. एक्झॉस्टचे अभियंते फिल्टरची कठोर परीक्षा घेताना मुद्दाम हीच स्थिती घडवतात: काजळी पेटवायची आणि इंजिन झटकन आयडलवर आणायचं. मुंबईत ती परीक्षा प्रत्येक उड्डाणपुलाच्या टोकाला फुकट घेतली जाते.

आता ४४ ग्रॅमकडे येऊ. कार्बनचा एक ग्रॅम पूर्ण जळला की साधारण ३३ किलोज्यूल उष्णता देतो. काकूंच्या गाडीतला फिल्टर तीनेक लिटरचा, कॉर्डिएराइट सिरॅमिकचा, वजन पावणेदोन किलोच्या आसपास. एक किलो कॉर्डिएराइट एक अंशाने तापवायला भट्टीच्या तापमानात १.१ किलोज्यूल लागतात. नेहमीसारखी पंधरा ग्रॅम काजळी जळली आणि उष्णता कुठेच गेली नाही असं धरलं, तरी फिल्टर अडीचशे अंशांनी वर जाईल, म्हणजे सहाशेवरून साडेआठशेला. हे तो सहज सोसतो. ४४ ग्रॅम जळली तर चढ साडेसातशे अंशांचा, म्हणजे तेराशे पन्नास. कॉर्डिएराइट वितळतं साडेचौदाशेच्या आसपास. आणि ही सरासरी झाली, एखाद्या कोपऱ्यात पारा याहून वर जातोच.

एवढी काजळी जळायला किती वेळ लागेल? ४४ ग्रॅम कार्बनला ११७ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. आयडलच्या दहा ग्रॅम वायूत सेकंदाला १.७ ग्रॅम ऑक्सिजन येतो. म्हणजे सव्वा मिनिटात सगळं संपवायला पुरेसा. ड्रायव्हरचं "थोड्या वेळाने" इथे अगदी चपखल बसतं.

पेटण्याआधी साचलेली काजळी ओलसर असण्याचाही यात हात होता. तासन्‌तास आयडल चाललेल्या इंजिनाची काजळी अर्धवट जळलेलं डिझेल आणि ऑइल शोषून बसलेली असते. हे हलके घटक शुद्ध कार्बनच्या बरेच आधी पेटतात आणि बाकीच्या थराला ढकलून देतात.

फिल्टरच्या आत

तापमानाच्या सेन्सरचं भोक पुढच्या बाजूला आहे. तिथून आत बारीक कॅमेरा घातला आणि सगळे गप्प झाले, कारण समोरचा चेहरा स्वच्छ होता. नळ्या उघड्या, कडा सरळ, कुठेही तडा नाही. सोबत आलेला मेकॅनिक म्हणाला, "बघा, फिल्टर चांगलाय."

पण उष्णता वायूबरोबर मागे सरकते. पुढचा भाग आत येणाऱ्या थंड वायूने निवतो, आणि पुढे जळालेल्याची सगळी धग मागच्या तिसऱ्या हिश्श्यात गोळा होते. म्हणून फिल्टर काढून मागून बघायचा आग्रह धरला. उतरवल्यावर मागून टॉर्च मारला. मधोमध, साधारण रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत, नळ्यांच्या चौकोनी तोंडांच्या जागी काचेसारखी चकाकणारी, गोल झालेली भोकं होती. त्यांच्याभोवती नखाने चाचपता येईल असा गोलाकार तडा. आणि अगदी कडेला, पत्र्याच्या डब्याला लागून, काजळीची बोटभर रुंद काळी पट्टी तशीच शिल्लक.

मला या तिन्हींत त्या पट्टीचं जास्त नवल वाटलं. मध्यभाग वितळेपर्यंत तापला आणि चार बोटांवर काजळी पेटलीही नाही. डब्याची कड बाहेरच्या हवेला लागून असते, तिथली उष्णता सतत गळत राहते, आणि कॉर्डिएराइट उष्णता पसरवण्यात मंद. त्यामुळे मध्य आणि कड यांच्यात काही सेंटिमीटरवर शेकडो अंशांचा फरक पडला. सिरॅमिक फुटतं ते बहुतेकदा या फरकानेच. मधला भाग फुगू पाहतो, कड त्याला जागा देत नाही. वितळलेली भोकं लहान होती, काजळीला पळवाट दिली ती मुख्यतः तड्याने.

तड्यामुळेच गाडी हलकी झाली होती. फिल्टरच्या पुढे-मागे दाबाचा फरक मोजणारा सेन्सर असतो. त्याचा आकडा आता नव्या कोऱ्या फिल्टरपेक्षाही कमी होता, आणि गाडीचा कॉम्प्युटर ते बघून खूश होता. हा आकडा जास्त आला की सगळे धावतात, कमी आला की कोणी विचारत नाही.

आता रीसेटचं, म्हणजे हिशेब शून्यावर आणण्याचं. भरलेल्या फिल्टरबद्दल कॉम्प्युटरला कळत असतं तर त्याने जाळायला घेतलंच नसतं. काजळी ठरावीक हद्दीपलीकडे गेली की तो स्वतः पेटवणं थांबवतो आणि वर्कशॉपला जा म्हणून सांगतो. पेटवलेली असताना गाडी अचानक थांबली तर हवेची झडप आवळून आणि वायूचा काही भाग इंजिनात परत फिरवून ऑक्सिजन कमी करण्याची सोयही बऱ्याच गाड्यांत असते. पण हे सगळं काजळीच्या हिशेबावर चालतं. हिशेब शून्यावर आणला, मग दाबाच्या सेन्सरने फिल्टर भरल्याचं सांगितलं, आणि कॉम्प्युटरने नेहमीची पंधरा ग्रॅमवाली आग समजून काडी लावली. फ्रीवे, रांग, ड्रायव्हर, कोणालाही मी दोष देणार नाही. दोष त्या एका बटणाचा. चव्वेचाळीस ग्रॅम दिसल्यावर फिल्टर उतरवून भट्टीत, मोजक्या हवेत, हळूहळू तापवून साफ करायला हवा होता. गाडी दोन दिवस बंद राहिली असती, इतकंच.

एक प्रश्न काकूंनी विचारला आणि तो चांगला होता: रांगेत इंजिन बंद केलं असतं तर? तर ऑक्सिजनचा प्रवाह तुटला असता आणि आग बहुधा गुदमरली असती. एरवी मात्र मधेच इंजिन बंद करणं वाईट, कारण काम अर्धं राहतं आणि पुन्हा डिझेल ऑइलमध्ये उतरतं. जळका वास आणि किंचाळणारा फॅन असेल तर बंद करा, नुसता अ‍ॅव्हरेज पडलेला दिसला तर चालू ठेवा आणि शक्य तितक्या लवकर रस्त्याला लागा, एवढं मी ड्रायव्हरला सांगितलं.

फुटलेला फिल्टर दुरुस्त होत नाही. आतलं सिरॅमिक काढून रिकामा डबा परत बसवू, लाइट सॉफ्टवेअरने मारू, असं सांगणारे दोघे काकूंना भेटले. ते बेकायदा आहे, आणि वाडीत मुलं खेळतात तिथे ती गाडी रोज चालू होणार. काकूंनी नवा फिल्टर घेतला, किंमत ऐकून दोन दिवस बोलल्या नाहीत. पातळ झालेलं ऑइल काढून टाकलं. ड्रायव्हरने मधे साधं ऑइल टॉप-अप केलं होतं, त्याऐवजी फिल्टरवाल्या गाडीसाठीचं कमी राखेचं ऑइल भरलं. ऑइलमधल्या कॅल्शियम-जस्ताची राख कोणत्याही तापमानाला जळून जात नाही, ती फिल्टरमध्ये कायमची बसते. टर्बोच्या नळ्या आणि इंजेक्टर तपासले, ते ठीक निघाले. जादा काजळीचं कारण वापर हेच होतं.

वापराचं काय करायचं यावर आमचं थोडं वाजलं. माझं मत सरळ होतं: गिरगाव ते दादर एवढ्यासाठी डिझेल गाडी ठेवू नये. काकूंना पुणे-नाशिकच्या ऑर्डरी गमवायच्या नव्हत्या. शेवटी वाडीतल्याच एकाचा सीएनजी टेम्पो रोजच्या भाजीसाठी लावला, आणि डिझेल गाडी लांबच्या कामांना ठेवली. लांबचं काम नसेल त्या आठवड्यात ड्रायव्हर मरीन ड्राइव्हवरून कोस्टल रोडला लागतो, वरळीहून सी-लिंकने वांद्र्याला जातो आणि तसाच परत येतो, सकाळी सातच्या आत. ऑइलच्या कांडीची पातळी तो आता काकूंच्या ऑर्डरवहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवतो.